सतरा उजवे

मला बघायला आलेल्या माणसांनी माझं तोंड बघितलं नाही, हात बघितला. त्याआधी तीन ठिकाणांहून नकार आला होता, तोही हातावरूनच. मी डावरी. पेला उचलायचा तो डाव्या हातानं, सुई धरायची ती डाव्या हातानं, लिहायचं तेही डाव्यानंच. लहानपणी आईनं तो हात बांधून बघितला, मास्तरांनी त्याच्यावर पट्टी मोडून बघितली, हात काही सुधारला नाही. चौथ्या वेळी आईनं दम दिला होता, पाहुणे जाईपर्यंत डावा हात मांडीखाली दाबून बसायचं.

होणाऱ्या सासऱ्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि खिशातून एक सुरी आणि वीतभर काठी काढली.

"पोरी, हिची साल काढ बघू."

बघायला आलेल्या मुलीला काठी सोलायला कोण लावतं? मी गोंधळले आणि सुरी उचलली ती डाव्या हातानंच. आईनं कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "हीच! आम्हाला हीच पाहिजे."

आई त्या दिवशी आनंदानं रडली. देवमाणूस भेटला म्हणाली. मलाही वाटलं, जगात एक तरी घर निघालं जिथं डावं-उजवं करत नाहीत.

लग्नाच्या चौथ्या दिवशी आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून माझ्यासमोर उघडली. आधी वास आला. जुन्या घामाचा, बुरशीचा आणि उंदरांच्या मुताचा. मग आतलं दिसलं. चामड्याचे हातमोजे होते, एकावर एक टाकलेले, काही पिवळे, काही काळपट, काहींवर पांढरी लव आलेली. आप्पांनी ते एकेक काढून जमिनीवर मांडले. सतरा होते. सतराच्या सतरा उजव्या हाताचे.

या घरचा धंदा कुंपणाचा. दुसऱ्यांच्या बागांना काटेरी झुडपांचं कुंपण लावायचं, वाढलं की छाटायचं, विरळ झालं की खोड अर्धं कापून आडवं वाकवायचं आणि खुंटांमध्ये विणून टाकायचं. या कामात एक हात असतो मारता आणि एक असतो धरता. मारत्या हातात कोयता, त्याला काट्याचं भय नाही. धरता हात कायम काट्यांत. त्यामुळे मोजा फाटतो तो धरत्या हाताचा. सगळी दुनिया कोयता उजव्या हातानं मारते, म्हणून सगळ्यांचे डावे मोजे फाटतात आणि उजवे कोरेच्या कोरे राहतात. बाकीचे कुंपणवाले उरलेला उजवा उलटा करून, शिवण बाहेर काढून, डाव्या हातात चढवतात, नाहीतर उकिरड्यावर टाकतात. आप्पांना उलटा मोजा टोचायचा आणि टाकायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून वीस वर्षं ते उजवे पेटीत साठवत गेले. मग पोरगा लग्नाचा झाला आणि आप्पांना अक्कल सुचली.

"एका जोडीत दोन माणसं," आप्पा मला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "डावा त्याला, उजवा तुला. तसूभर वाया जाणार नाही. उगाच नाही आणली तुला, चपला झिजवल्या चपला."

सासूबाई हसल्या, नवरा हसला. मी नवी होते, मीही हसले. मग मागच्या दारी जाऊन ओकले. वासानं झालं असं सगळ्यांना सांगितलं.

तीन वर्षांत मी सहा उजवे फाडले. नव्या मोज्याला वर्ष निघतं, या जुन्यांना सहा महिने निघाले तर खूप. पेटीत पडून पडून चामड्यातलं तेल गेलेलं. सकाळी घालावा तर लाकडाचा, बोट वाकत नाही. दुपारपर्यंत माझ्या घामानं तो ओला व्हायचा आणि मग कुणा मेलेल्या जनावराच्या जिभेसारखा गिळगिळीत लागायचा. काढल्यावर हात पिवळा दिसायचा आणि कितीही साबण लावला तरी नखांत तो वास राहायचा. मी जेवायला डावा हात वापरायची. सासूबाईंना ते आवडायचं नाही. शेजारीण आली की म्हणायच्या, "आमची डावरी आहे हो, चालवून घेतो." चालवून घेतो! कोण कोणाला चालवून घेत होतं ते त्या पेटीला विचारायचं.

यंदा पावसानं तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. माळावरचं गवत उन्हाळ्याआधीच संपलं. मोकाट जनावरं भुकेनं वेडी झाली, दिसेल त्या कुंपणात डोकं घालून आत घुसायला लागली. ज्यांनी पाच-पाच वर्षं कुंपणाकडे ढुंकून बघितलं नव्हतं ते आमच्या दारात यायला लागले. दुष्काळात सगळ्यांचं बुडत होतं आणि आमचं वर येत होतं, आप्पा तर मिशीतल्या मिशीत हसत फिरायचे. सगळ्यांत मोठं काम बागवालीचं. नवरा गेल्यावर एकटीनं बाग सांभाळणारी बाई, तोंडानं फटकळ. तिच्या बागेला चारही बाजूंनी कुंपण, आणि फळ रंगावर यायच्या आत ते सगळं पाडून, विणून, घट्ट करून हवं होतं.

आम्ही चौघं उजाडताच लागायचो. नवरा एका टोकाकडून, मी दुसऱ्याकडून. मागून आप्पा खुंट ठोकत यायचे आणि सासूबाई लांब दांड्याच्या आकडीनं छाटलेल्या फांद्या ओढून ढीग करायच्या. पाणी नसलं की काटा चिवट होतो. एरवी वाकतो तो काटा यंदा खिळ्यासारखा ताठ होता, बोटभर लांब, टोकाशी काळा. खोड धरून वाकवायचं, डाव्या हातानं बुडाशी तिरका घाव घालायचा, साल तेवढी राखायची, आणि करकर आवाज आला की अंगाचा भार देऊन आडवं पाडायचं. चेहरा लांब ठेवायचा. तरी कपाळावर ओरखडे, मनगटावर ओरखडे, त्यांवर घाम आणि घामावर चिलटं. संध्याकाळी अंगाला हात लावावा तिथं चुरचुरायचं.

आठव्या दिवशी सहावा मोजा बोटांच्या बेचक्यात फाटला. त्याच्या आत उंदरानं कधीतरी घर केलं होतं, शिवणीचा दोरा कुरतडलेला होता, ते मला आधी दिसलं नाही. खोड वाकवताना ते निसटून उलटं आलं आणि करंगळीशेजारच्या बोटात काटा आरपार शिरला. आधी दुखलंच नाही. मोजा काढला तर काट्याचं बूड तेवढं बाहेर दिसत होतं.

नवऱ्यानं चिमट्यानं ओढला. बूड आलं, टोक आतच राहिलं.

"राहिलं का हो आत?" मी विचारलं.

"नाही गं. आलं सगळं."

"टोक दिसत नाहीये त्याला."

"बोथट असेल," तो म्हणाला, आणि आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. आमच्याकडे काट्याला टोक होतं की नव्हतं हेसुद्धा आप्पा ठरवायचे.

मी फाटका मोजा त्यांच्यापुढे धरला. "आप्पा, हे मोजे आता कामाचे नाहीत. यंदाच्या काट्याला नवाच लागेल."

"अकरा आहेत अजून पेटीत."

"त्यांच्यातपण उंदीर गेलेत."

"एखाद्यात गेला असेल. आणि काट्यानं कुणी मेलंय का आजवर?" ते सासूबाईंकडे वळले. "चाळीस वर्षं झाली या धंद्यात, अंगात काटे किती असतील ते मोजलं तर माझंच कुंपण होईल."

सासूबाईंनी मात्र बोट वळवून बघितलं. "कढत पाण्यात बुडव, पोरी. काट्याचा नायटा व्हायला वेळ लागत नाही." पण हे त्या हळू म्हणाल्या, आप्पांना ऐकू जाणार नाही अशा.

तीन दिवसांत बोट पेरूएवढं झालं, असं मी म्हणणार नाही. पण कांडं दिसेनासं झालं आणि नखाशेजारी पांढरा ठिपका आला. दाबला की पू यायचा, पिवळा, त्यात रक्ताचा दोरा. तशातच पेटीतला सातवा मोजा घालून मी काम केलं. बोट आत शिरवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा घातला की दिवसभर काढायची नाही, कारण काढला तर परत घालायचं धैर्य राहायचं नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा डावाही तळव्यात फाटला, लग्नाआधी घेतलेल्या जोड्यांतला शेवटचा. आप्पांनी लगेच जाहीर केलं, बाजाराच्या दिवशी नवी जोडी घ्यायची. मी मनात म्हटलं, सुटले. जोडी म्हटली की उजवा आलाच. दोन दिवस मी त्या एका मोज्यावर काढले. माणूस कशावर जगेल याचा नेम नाही.

हत्यारांच्या दुकानात भिंतभर मोजे टांगले होते. आप्पांच्या मोजे पारखण्याच्या तऱ्हा मला माहीत नव्हत्या, त्या दिवशी कळल्या. आधी मोजा नाकाला लावून हुंगला. मग जिभेचं टोक चामड्याला लावलं आणि चाटून बघितलं.

"अहो, अहो!" दुकानदार ओरडला. "मिठाई आहे का ती?"

"मीठ लागलं तर चामडं कच्चं," आप्पा म्हणाले आणि दुसरा चाटला.

असे पाच मोजे त्यांनी उष्टे केले. मग खिशातून चिंधी काढली. चिंधीत बागवालीच्या कुंपणाचा काटा होता. त्यांनी तो पहिल्या मोज्याच्या तळव्यात दाबला, टोक पलीकडे निघालं. दुसऱ्यात दाबला, तिथंही निघालं.

"भोकं पाडताय तुम्ही माझ्या मालाला!" दुकानदार फळीवरून पुढं झुकला.

"माल असता तर भोक पडलं असतं का?"

त्यानं वरच्या फळीवरून एक जोडी काढली. "हे घ्या. वेल्डिंगवाले नेतात. कोपरापर्यंत येतात पण बोट वाकत नाही. आणि हे रबराचे, गुलाबाच्या कुंड्यांसाठी."

"कुंडीत राहतो का आम्ही?" आप्पा म्हणाले. "काटेरी कुंपणासाठी दाखव. तळव्याला दुहेरी, बोटांच्या बेचक्यात पट्टी, आणि शिवण आत. बाहेर शिवण असली की काटा दोरा शोधतो."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटलं. त्यांना सगळं कळत होतं. काटा दोरा शोधतो हेसुद्धा त्यांना कळत होतं.

शेवटी एक जोडी निघाली. जाड, पिवळसर, तेल पाजलेली, मनगटाच्या वर वीतभर येणारी. काटा दाबला तर काट्याचं टोक मोडलं. नवऱ्यानं डावा घातला, मूठ मिटली, उघडली, हसला. मी न विचारता उजवा उचलला आणि हात घातला. आत मऊ होतं. कोरडं होतं. नुसता चामड्याचा वास, कुणाचाच नाही. माझे डोळे भरून आले, एवढ्यासाठी कुणाचे येतात का, पण आले.

मग तो निघेना. सुजलेलं बोट आत अडकलं. दुकानदारानं ओढलं, नवऱ्यानं ओढलं, आणि आत काहीतरी फुटलं. मोजा निघाला तेव्हा बोटावरून पू मनगटापर्यंत ओघळला होता आणि फळीवर, सुट्या पैशांच्या डब्याशेजारी, दोन थेंब पडले. वास सगळ्यांना आला.

दुकानदारानं हात मागे घेतला आणि चड्डीला पुसला. "हा मोजा आता तुम्हालाच घ्यावा लागेल. हा मी कुणाला विकू?"

"घ्यायचाच आहे," आप्पा म्हणाले, "पण डाग पडलेला माल पूर्ण भावात कसा?" आणि त्या माझ्या पुवावर त्यांनी भाव पाडून घेतला. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही म्हणतात. इथं चमडी माझी होती आणि दमडी त्यांची.

बाहेर आल्यावर मी हात पुढं केला. आप्पांनी उजवा मोजा उलटा करून चिंधीनं पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"हा पेटीत," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पेटीत कशाला?"

"आधी जुने संपव. दहा आहेत अजून. नवा घालायला सुरुवात केलीस तर ते कोण वापरणार?"

"आणि ते संपेपर्यंत हा जुना होईल."

"होऊ दे की. तेव्हा हा घाल."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो नव्या डाव्या मोज्यात मूठ मिटत, उघडत चालला होता. "आप्पांचं बरोबर आहे गं," तो म्हणाला. "शिळं असताना ताजं कोण काढतं?"

त्या घरात खरंच कुणी काढत नव्हतं. कालचं आज खायचं, आजचं उद्या. ताजं म्हणून काही असतं हेच ते विसरले होते.

सातव्या मोज्यात माझं बोट सडलं. दुसरा शब्द मी वापरणार नाही. आधी लाल होतं, मग जांभळं झालं, मग काळसर. सासूबाई म्हणाल्या, "तो हात स्वयंपाकाला लावू नकोस, बाई," आणि माझं ताट वेगळं ठेवलं. नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. मला त्यांचा राग येत नव्हता, माझी मलाच किळस येत होती. स्वतःच्याच हाताशेजारी झोपायचं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं.

शेवटी बागवालीनं बघितलं. ती काम कुठवर आलं ते बघत कुंपणाच्या कडेनं येत होती, माझ्याजवळ आली आणि नाकाला रुमाल लावून थांबली.

"इथं काय मेलंय?"

मी मोजा काढला.

"अगं बये!" ती म्हणाली. मग आप्पांकडे वळून म्हणाली, "डोळे आहेत का खोबणी नुसत्या? बसा गाडीत. तू आणि तुझा नवरा. आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "हे राहणार नाही." दुसरं म्हणाले, "काम कसलं करता?"

"काटेरी कुंपणाचं," नवरा म्हणाला.

"मग मोजे नाही घालत?"

"घालते की," मी म्हणाले.

"कसले? दाखवा."

आम्ही कामावरूनच उठून आलो होतो, मोजा नवऱ्याच्या खिशात होता. त्यानं तो टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चिमट्यानं बोटाकडून धरून उचलला आणि झटकला. पांढऱ्या टेबलावर उंदराच्या लेंड्या पडल्या. सात-आठ असतील, वाळलेल्या. पाठोपाठ माझ्या घामानं चिकटलेला केसाळ गोळा पडला. नर्स दोन पावलं मागे सरकली.

डॉक्टर नवऱ्याकडे नुसते बघत राहिले. त्याला ते बघणं सोसवेना. "नवा आहे हो घरात," तो घाईनं म्हणाला. "अगदी कोरा. नाही असं नाही."

हे तो आमची अब्रू राखायला म्हणाला. घरात नवा मोजा आहे, आम्ही काही भिकारी नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही ओलं राहिलं असेल ते तिथं त्या लेंड्यांच्या शेजारी सुकलं.

बोट बुडापासून गेलं.

टाके निघेपर्यंत मी घरी बसून होते. बागवालीच्या तीन बाजू झाल्या होत्या, चौथी राहिली होती आणि आप्पांचा जीव खालीवर होत होता. ते वाईट वागले नाहीत. रोज विचारायचे, "दुखतंय का?" आणि पाठोपाठ विचारायचे, "मूठ मिटते का?"

ज्या दिवशी मूठ मिटली त्या दिवशी ते सकाळपासून ओसरीत दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसले होते. दुपारी मला हाक मारली. चेहऱ्यावर हसू, मला बघायला आले होते तेव्हाचंच.

"घे," ते म्हणाले. "नवा. आजपासून तुझाच. जुन्यांचं जाऊ दे."

मी मोजा हातात घेतला. तोच पिवळसर, तेल पाजलेला, मनगटाच्या वर वीतभर येणारा. त्याला चार बोटं होती. करंगळीच्या शेजारचं बुडाशी कापून भोक शिवून टाकलं होतं. टाके बारीक, एकसारखे. चाळीस वर्षांचा हात होता.

"बोट कुठंय?" मी विचारलं.

"अगं, तुला आता कशाला ते? रिकामं लोंबलं असतं, काट्यात अडकलं असतं. आणि याच्या डाव्याला कोयता लागून अंगठ्याखाली भोक पडलं होतं. तिथं बसवलं, बरोबर मापाला बसलं बघ."

नवरा मागे उभा होता. त्यानं डावा हात पुढं करून दाखवला. त्याच्या तळव्यावर ते चामडं होतं, उभं चिरून सपाट केलेलं, कडेनं शिवलेलं. टोकाशी अजून बोटाची गोलाई दिसत होती. त्यानं मूठ मिटली, उघडली.

"मऊ आहे," तो म्हणाला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसलेत ते. डोळे दुखायला लागले त्यांचे."

कुणी ताटात झुरळ वाढावं आणि वर प्रेमानं आग्रह करावा, तसं वाटत होतं. मी मोजा आप्पांच्या मांडीवर ठेवला आणि चप्पल घातली.

बागवाली बागेच्या फाटकाशीच भेटली. मी तिला म्हटलं, "माझ्या वाट्याची मजुरी यापुढं माझ्या हातात द्या. झालेल्या कामाचीसुद्धा."

"आप्पांना चालेल?"

"तुम्हाला चालतंय का ते सांगा."

ती फटकळ बाई, तिनं माझ्याकडे खालून वर बघितलं. "कुठल्या हातात देऊ? चार बोटांच्या की पाचाच्या?" मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून घरात गेली आणि मजुरी घेऊन आली. तिथं मोजलीसुद्धा नाही मी.

दुकानदारानं मला लांबूनच ओळखलं आणि फळीवरचा माल मागे सरकवला.

"बरं झालंय," मी पट्टी सुटलेला हात वर करून दाखवला. "नाहीच ते आता. मोजे दाखवा. माझ्या मापाचे."

"बायकांच्या मापात कुंडीचेच येतात."

"मग शोधा."

त्यानं खालचे खोके उपसले. मी हुंगलं नाही, चाटलं नाही. घालून मूठ मिटली, करंगळी वाकवली, फळीवरची टाचणी उचलून बघितली. आठ जोड्या नाकारल्या. त्याला वैताग आला, येऊ दिला. आजवर माझ्या हातासाठी कुणी निवडलं नव्हतं, सगळ्यांनी हातच निवडला होता. नववी जोडी गडद तपकिरी, आखूड बोटांची, तळव्याला दुहेरी. ती हातावर बसली तशी मला कळली.

"रिकामं बोट कापून शिवून देऊ का?" दुकानदारानं विचारलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

"हात लावू नका त्याला," मी म्हणाले, आणि तिथंच चिंधीचा बोळा करून बोटात भरला.

दुसऱ्या दिवशी चौथ्या बाजूला मी दोन्ही हातांत मोजे घालून उभी राहिले. मारत्या हाताला मोजा नको असतो. कोयत्याची मूठ घसरते, घाव उथळ बसतो. हे मला माहीत होतं. दोन खोडं माझी तिरकी पडली.

आप्पांनी खुंट ठोकायचा थांबवला. "डाव्या हातात काय घातलंयस?"

"मोजा."

"काढ तो. वाया चाललाय."

"चालू दे."

"अगं, जोडीत दोन माणसं..." कोंबडा हातातून सुटून छपरावर जाऊन बसावा तसे ते माझ्या हाताकडे बघत होते. सासूबाईंनी आकडी टेकून उभी केली.

थोड्या वेळानं नवरा कुंपणाच्या कडेकडेनं माझ्याजवळ आला. त्याच्या मोज्याचा बेचका उसवला होता, आतली कातडी दिसत होती. त्यानं हात पुढं केला, तळवा वर करून.

"डावा दे ना मला," तो म्हणाला. "तुझा मारता हात. तुला काय उपयोग?"

"तुमच्याकडे माझं बोट आहे ना," मी म्हणाले. "त्याच्यावर भागवा."

तो हसायला गेला. मग त्याची नजर स्वतःच्या तळव्यावर गेली. ते चामडं घामानं काळं पडलं होतं, कडा मुडपल्या होत्या आणि टोकाची गोलाई फुगून वर आली होती, आत खरंच काही असावं तशी. तो बघत राहिला. मग त्यानं मोजा ओरबाडून काढला, खाली टाकला आणि तळवा चड्डीला पुसला. परत पुसला. मातीत घासला आणि परत पुसला.

त्याला किळस आली होती. लग्नाला तीन वर्षं झाली, आम्हा दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा.